उंदराला उपवास का सोसत नाही?

मागच्या अंकात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जी तपासणी करतात त्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फॅट जाळता न येण्याचे जे जन्मजात आजार आहेत त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंचसं उंदरांनी शिकवलंय. झालं, त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले मॅडम आता अख्खं सदरच यावर करा. तर करतेय. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि घरगुती बाबी आहेत म्हणून नावं मुद्दाम गाळलीत.

प्रश्न: माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्मल्यावर टाचेच्या तपासणीत एमकॅड निघालं. मुलगी अगदी छान आहे, खेळते, खाते. डॉक्टर म्हणतात उपाशी ठेवू नका, बाकी काही नाही. तुम्ही उंदरांचं लिहिलंत. उंदराला आणि माझ्या मुलीला एकच आजार कसा काय होऊ शकतो? — एक आई, चिंचवड

उत्तर: ताई, आधी थोडं मागे जाऊ. आपण जेवलो की काही तास साखरेवर निभतं, मग लिव्हरमधला साखरेचा साठा वापरात येतो, तोही उतरायला लागला की शरीर चरबीकडे वळतं. चरबीतली फॅटी अ‍ॅसिडं म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या, सोळा-अठरा कार्बनच्या. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात त्या दोन-दोन कार्बनने कापल्या जातात. आता गंमत अशी की कापायला एकच हत्यार नसतं. नारळाचं बघा ना, सोलायला वेगळं, फोडायला कोयता, खवायला खवणी. तसंच लांब साखळीला एक एन्झाइम, मधल्या लांबीला दुसरं, आखूड झाली की तिसरं. आजाराला बोलताना नुसतं एमकॅड म्हणतात, पण एमकॅड हे खरं तर या मधल्या लांबीच्या हत्याराचं नाव. ते नसलं की साखळी निम्मी कापून होते आणि अडते, अर्धवट कापलेले तुकडे साठत जातात आणि पुढची ताकद मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे उपाशीपोटी लिव्हर मेंदूसाठी जे किटोन बनवतं तेही पुरेसे बनत नाहीत, म्हणजे साखर खाली गेलेली आणि बदली इंधन पण नाही. म्हणून डॉक्टर उपाशी ठेवू नका म्हणतात. त्यांच्या त्या 'बाकी काही नाही'त खरं तर सगळंच आलं.

हे एन्झाइम बनवणारा जीन उंदरात पण आहे आणि कामही तेच करतो. २००५ मध्ये अमेरिकेत तो जीन मुद्दाम बिघडवून एमकॅड नसलेले उंदीर तयार केले. मोठे झालेले उंदीर पोटभर खायला असेल तर धडधाकट दिसायचे, तुमच्या मुलीसारखेच. उपाशी ठेवले की लिव्हरमध्ये चरबी साठायची आणि लघवीत ते अर्धवट तुकडे सापडायचे. उपाशी ठेवून वर ४ अंशांच्या थंडीत ठेवलं की अंगाची ऊब टिकेना. आणि पिल्लांचं सगळ्यात वाईट, निम्म्याहून जास्त पिल्लं आईचं दूध सुटायच्या आत, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत गेली. म्हणजे धोका कधी हे उंदराने चोख सांगितलं, लहान असताना, उपाशी असताना आणि गारठ्यात.

पण म्हणून उंदीर म्हणजे छोटा माणूस नाही हां. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये आठ कार्बनवाला जो आकडा वाढलेला असेल, सी-८ म्हणून, तो या उंदरांमध्ये तितका वर जात नाही, त्यांच्यात दहा कार्बनवाला एक वेगळाच तुकडा वाढतो. उंदरात दुसरी हत्यारं थोडं थोडं काम उचलतात म्हणून असं होतं असं मानतात. सांगायचा मुद्दा हा की उंदराच्या रक्तावरून माणसाचा रिपोर्ट वाचता येत नाही, पण उंदराला कुठल्या वेळी त्रास होतो त्यावरून बाळाला कधी जपायचं हे कळतं. माझ्या मते या सगळ्या प्रयोगांचं खरं मोल तिथे आहे, बाकीचं आम्हा लोकांचं कौतुक.

आणि एक, तुमच्या मुलीचं निदान टाचेच्या थेंबावरून झालं ही नशिबाची गोष्ट आहे. आपल्याकडे ही तपासणी सगळ्या बाळांची सक्तीने होत नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरुवात केली होती, महाराष्ट्रात अजून बहुतेक ठिकाणी पालकांनी स्वतः विचारलं आणि पैसे भरले तर होते.

प्रश्न: आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात, माझंही तसंच झालंय. आमच्या मुलाला फॅटी अ‍ॅसिडचाच आजार निघालाय. घरात सगळे आम्हालाच बोलतात. खरंच आमची चूक आहे का? उंदरांमध्ये पण असं असतं का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: चूक हा शब्द आधी काढून टाका. चूक म्हणजे माहीत असून केलेली गोष्ट. हे आजार बहुतेक करून असे असतात की आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा एकाच जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत, त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जीन सारखे असतात, म्हणून दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा जास्त, पण याच्यापलीकडे त्यात दोष देण्यासारखं काही नाही. नात्यात लग्न न झालेल्या जोडप्यांनाही ही मुलं होतातच. पुढचं मूल हवं असेल तर जेनेटिक काउन्सेलरला आधी भेटा, एवढं मात्र नक्की करा. मुंबईत केईएम हॉस्पिटल हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे.

उंदरांचं विचारलंत तर त्यांच्यात नात्यातल्या लग्नाचा कळस असतो. प्रयोगशाळेतली शुद्ध वंशाची जात बनवायची तर भाऊ-बहीण, भाऊ-बहीण असं निदान वीस पिढ्या जुळवत जातात, मग सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे होतात. यात कुठे कोपऱ्यात लपलेला बिघाड असेल तर तो दोन्ही प्रतींत येऊन वर येतो. बाल्ब-सी नावाचा पांढरा उंदीर तुम्ही फोटोत पाहिला असेल, लाल डोळ्यांचा. त्याच्या बायजे नावाच्या एका उपशाखेत आखूड साखळीचं हत्यार, एसकॅड, मुळात नव्हतंच. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे, उंदरांचं माहेरघरच म्हणा, तिथे १९८० च्या दशकात एन्झाइमच्या तपासण्या करताना हे लक्षात आलं. १९८९ मध्ये फिलिप वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा माणसातल्या एसकॅडच्या कमतरतेसारखाच आजार आहे हे मांडलं. म्हणजे फॅटी अ‍ॅसिड जाळण्याच्या आजाराचा पहिला प्राणी कुणी बनवलाच नव्हता, तो आधीपासून पिंजऱ्यात बसून दाणे खात होता. पुढे कळलं की त्याच्या जीनमधली २७८ अक्षरं गळून गेलीत.

मला या गोष्टीत काय आवडतं सांगू, इतकी वर्षं तो उंदीर लोकांनी कॅन्सर, इम्युनिटी कशाकशाला वापरला आणि कुणाला वाटलं नाही की हा आजारी आहे, कारण खायला मिळतंय तोवर तो तसा दिसतच नाही. नंतर जेव्हा टाचेच्या तपासण्या जगभर सुरू झाल्या तेव्हा एसकॅड कमी असलेली भरपूर बाळं सापडली आणि त्यातली बहुतेक ठणठणीतच राहिली, आज कित्येक तज्ज्ञ त्याला आजार म्हणायलाही तयार नाहीत. उंदीर हे आधीच सांगत होता की! फक्त तो उपाशी असताना गारठ्यात टिकत नाही हे नंतर दिसलं. पाठीजवळ त्याच्याकडे तपकिरी चरबी असते, ती जाळून तो ऊब आणतो, नवजात बाळाकडे पण ती असते. हत्यार नसलं की ती चूल धड पेटत नाही.

प्रश्न: मी बीएस्सी बायोकेमच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी वाचताना गोंधळ झाला. उंदरात एलकॅड काढला की उंदीर मरतो असं लिहिलंय, पण माणसात एलकॅडच्या कमतरतेचा आजारच नाही म्हणतात. मग तो उंदीर कशाचा मॉडेल? की आमच्या सरांच्या स्लाइड चुकल्यात? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: सरांच्या स्लाइड जुन्या असतील, चुकलेल्या नाहीत. (बाकी वाचकांसाठी, मॉडेल म्हणजे माणसाचा आजार समजून घ्यायला वापरतात तो प्राणी.) हा गोंधळ तू एकटीने केलेला नाहीयेस, अख्ख्या क्षेत्राने केलेला आहे, त्यामुळे निवांत ऐक.

१९८० च्या दशकात काही मुलं सापडली ज्यांना लांब साखळी कापता येत नव्हती. तेव्हा लांब साखळीचं म्हणून एकच हत्यार माहीत होतं, एलकॅड. म्हणून त्यांच्यावर लेबल लागलं एलकॅडची कमतरता. मग १९९२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्याच थोरल्या भावात, म्हणजे रॅटच्या लिव्हरमध्ये, आणखी एक हत्यार सापडलं, अतिलांब साखळीचं, व्हीएलकॅड. ते सापडल्यावर जुन्या पेशंटचे नमुने परत काढून तपासले, तर त्या मुलांना एलकॅडचा नाही, व्हीएलकॅडचा प्रॉब्लेम होता. नाव चुकलं होतं, आजार खरा होता.

इकडे उंदरांवर काम करणारे आपलं काम करतच होते. १९९८ मध्ये वुड यांच्याच गटाने, अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये, एलकॅड काढून टाकलेला उंदीर तयार करून त्यावरचा पेपर छापला. तो भयंकर होता. उपाशी ठेवला की साखर कोसळायची, लिव्हर आणि हृदयात चरबी, काही उंदीर अचानक मरायचे आणि पिल्लं पोटातच जायची त्यामुळे अपेक्षेपेक्षा कमी जन्मायची. नंतर व्हीएलकॅड काढलेले उंदीर पण आले, आणि सगळ्यांना वाटत होतं की हे आता खरे, माणसासारखे, तर ते निघाले सौम्य! त्यांना उपाशी ठेवा, थंडीत ठेवा, तेव्हा कुठे त्रास दिसायचा.

याचं कारण असं की उंदराच्या लिव्हरमध्ये आणि हृदयात एलकॅड भरपूर असतो, म्हणून व्हीएलकॅड गेला तरी तो सांभाळून घेतो. आपल्या लिव्हरात आणि हृदयात एलकॅड नावापुरता, तो आपल्याकडे फुफ्फुसात जास्त सापडतो. म्हणजे माणसात जे ओझं व्हीएलकॅड उचलतो ते उंदरात बरंचसं एलकॅड उचलतो. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, एलकॅड काढलेला उंदीर हा माणसातल्या व्हीएलकॅडच्या आजाराच्या जास्त जवळ जातो. जीन वेगळा, आजार तोच. सेमिनारमध्ये हे एक वाक्य नीट सांगितलंस ना तरी बस, मी परीक्षक असते तर बाकीचं माफ केलं असतं. 'जीन सारखा म्हणजे मॉडेल बरोबर' असं शिकवतात ते इथे सपशेल आपटतं.

वेळ उरला तर आणखी एक सांग. कापण्याच्या साखळीत पुढे एक मोठं प्रोटीन असतं, तीन कामं एकटं करणारं, म्हणून त्याला ट्रायफंक्शनल प्रोटीन म्हणतात. ते काढलेली उंदराची पिल्लं २००१ मध्ये तयार केली तर जन्मल्यापासून ६ ते ३६ तासांत मेली. आईच्या पोटात नाळेतून साखर मिळत होती, बाहेर आल्यावर आईच्या फॅटवाल्या दुधावर जगायचं, तिथेच अडलं. आणि याच प्रोटीनच्या माणसातल्या एका बिघाडात गरोदर आईच्या लिव्हरला धोका होतो, बाळाला आजार आणि त्रास आईला! त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता तू त्यात शिरू नकोस, सेमिनार भरकटेल.

प्रश्न: नातवाला व्हीएलकॅड आहे. त्याला डॉक्टरांनी एमसीटी नावाचं महागडं तेल लिहून दिलंय. माझ्या वाचनात आलं की खोबरेल तेलात तेच असतं. आमच्या घरच्या माडांचं खोबरेल आहे, घाण्यावर काढून आणतो. तेच दिलं तर? — एक आजोबा, मालवण

उत्तर: आजोबा, घरचं खोबरेल म्हटल्यावर माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, पण नाही. अजिबात नाही.

एमसीटी म्हणजे मधल्या लांबीच्या साखळ्यांचं तेल, मुख्यतः आठ आणि दहा कार्बनच्या. तुमच्या नातवाचं पहिलं हत्यार बिघडलंय, अतिलांबाचं. मधल्या लांबीची साखळी दिली तर ते हत्यार लागतच नाही, मधल्यापासून पुढची हत्यारं ठीक आहेत, काम चालू. खोबरेलात मात्र आठ आणि दहावाले मिळून जेमतेम सातवा हिस्सा, निम्म्याच्या आसपास बारा कार्बनचं लॉरिक अ‍ॅसिड आणि उरलेलं त्याहून लांबच. म्हणजे औषध म्हणून जे द्यायचं ते थोडं आणि जे टाळायचं ते भरपूर. मुलाला बंदी असलेलं फॅट आपण प्रेमाने वाढू.

आणि हेच पत्र जर एमकॅडवाल्या नातवासाठी असतं तर उत्तर याच्या उलट, त्या मुलाला एमसीटीच द्यायचं नसतं, कारण त्याचं मधलंच हत्यार गेलेलं असतं. शेजारच्या मुलाला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं या आजारांत होत नाही, दोन आजारांची नावं कानाला सारखी वाटतात आणि डाएट एकमेकांच्या विरुद्ध. हे मी मुद्दाम ठळक करून सांगतेय कारण व्हॉट्सअ‍ॅपवर एकाचा तक्ता दुसऱ्याकडे जातो.

उंदरांनी यातही एक इशारा दिलाय. जर्मनीत व्हीएलकॅड नसलेल्या उंदरांना नेहमीच्या फॅटऐवजी बराच काळ एमसीटी देऊन पाहिलं, तर माद्यांमध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमसारखी, म्हणजे शरीरात साखर आणि चरबीचं गणित बिघडल्याची, लक्षणं यायला लागली, नरांमध्ये तसं नाही. म्हणून लगेच नातवाचं तेल बंद करू नका, उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही हे आत्ताच वर लिहिलंय. पण प्रमाण किती आणि किती वर्षं हे डॉक्टर दर वेळी तपासून ठरवतात त्यामागे असली कारणं आहेत, ते उगाच फेऱ्या मारायला लावत नाहीत. सात कार्बनचं ट्रायहेप्टॅनोइन नावाचं तेल पण आहे, २०२० मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

प्रश्न: जन्मजात बिघाड नसताना असा आजार होऊ शकतो का? — एक पशुवैद्यक, नाशिक

उत्तर: डॉक्टर, तुम्ही घोडे बघत असाल तर तुम्हाला उत्तर माहीत असणार! युरोपात सिकॅमोर मेपल नावाचं झाड आहे, अमेरिकेत त्याचा भाऊ बॉक्स एल्डर, त्यांच्या पंखवाल्या बिया कुरणात पडतात आणि घोडे त्या खातात. बियांमध्ये हायपोग्लायसिन असतं, ते शरीरात गेलं की त्याचं जे रूप होतं ते ही सगळी कापायची हत्यारंच जाम करून टाकतं. घोड्याचे स्नायू वितळायला लागतात, लघवी काळपट, उभा राहता येत नाही, आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट बघितला तर जन्मजात आजाराच्या बाळासारखा. म्हणजे जीन शाबूत पण प्राणी मॉडेल झालेला, तोही लॅबमध्ये नाही, कुरणात.

हे हायपोग्लायसिन पहिल्यांदा जमैकातल्या अ‍ॅकी फळातून १९५० च्या दशकात वेगळं काढलं, तिथे कच्चं अ‍ॅकी खाऊन लोक उलट्या होऊन दगावायचे. पुढे रॅटना ते देऊन देऊन आजाराची नक्कल केली गेली, जीन बिघडवण्याचं तंत्र यायच्या कितीतरी आधी. आणि आपल्याकडचं उदाहरण मुझफ्फरपूरचं. २०१४ च्या उन्हाळ्यात तिथल्या दोन मोठ्या हॉस्पिटलांत ३९० मुलं दाखल झाली, त्यातली १२२ गेली. पहाटे झटके, साखर तळाला. आधी व्हायरस, कीटकनाशक, उष्माघात, काय काय संशय घेतले. तपासात लिचीतलं हायपोग्लायसिन आणि त्याचंच भावंड असलेलं दुसरं एक द्रव्य सापडलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जी मुलं रात्री न जेवता झोपली होती त्यांना धोका जास्त होता. २०१७ मध्ये ते सविस्तर छापून आलं. दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खायच्या आणि रात्री उपाशी झोपायचं. रात्रीचं जेवण चुकवू नका आणि साखर लगेच तपासून भरून काढा, असा सल्ला त्यावरून निघाला. बघा, पुन्हा तेच, उपास. पोटभर जेवलेल्या मुलाने चार लिच्या खाल्ल्या तर सहसा काही होत नाही.

प्रश्न: तुम्ही उंदरांना उपाशी ठेवायचं, थंडीत ठेवायचं हे इतकं सहज लिहिता. तुम्हाला काहीच वाटत नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर: वाटतं. आणि तुम्ही विचारलंत हे बरं झालं, कारण वरची उत्तरं लिहिताना मलाच जाणवत होतं की मी 'मेली', 'मेले' फारच भराभरा लिहितेय.

मी शिकत असताना साधेच, जीन न बिघडवलेले उंदीर एका रात्रीसाठी उपाशी ठेवायचा प्रयोग करत होते. नियमाप्रमाणे पिंजऱ्यातलं खाणं काढलं, खाली काही कुरतडायला नको म्हणून भुसा आणि कागदाचे कपटे पण काढले. सकाळी सगळे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून गोळा होऊन बसलेले, अंगं गार, आणि रक्ताचे आकडे एकमेकांशी जुळेनात. मी उपाशी राहण्याच्या नावाने ग्राफ काढायला बसले. आमच्याकडे अ‍ॅनिमल हाउसमध्ये एक मामा होते, अटेंडंट, तीस वर्षं पिंजरे धुतलेले. ते म्हणाले, 'मॅडम, ते उपाशी नाहीत, ते कुडकुडतायत.' मला राग आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू. पण ते बरोबर होते. आपल्याला एसीत २२ अंश छान वाटतं, उंदराला आरामाचं तापमान ३० च्या आसपास लागतं. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, मिनिटाला पाचशेच्या वर ठोके, एका रात्रीच्या उपासात वजनाचा दहावा हिस्सा उतरतो. त्याची घरटं करायची कपटेही मी काढून घेतली होती. मी उपास मोजत नव्हते, उपास अधिक थंडी मोजत होते, आणि दोन्हींचा त्रास फुकट दिला होता. तो सगळा डेटा टाकून दिला.

नंतर या आजारांवरचं वाचताना ते मामा सारखे आठवायचे, कारण इथे थंडी आणि उपास या दोनच गोष्टींवर सगळं उभं आहे. खोलीचं तापमान न लिहिता कुणी आकडे दिले तर मी आजही त्या पेपरवर विश्वास ठेवत नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत मंजुरी घ्यावी लागते, किती उंदीर आणि का हे लिहून द्यावं लागतं. कमी प्राणी वापरा, त्रास कमी करा, जमेल तिथे प्राणीच वापरू नका, हे तत्त्व रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलं. २०२३ मध्ये आपल्याकडे नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांऐवजी पेशी, चिपवरचे अवयव, कॉम्प्युटर अशा पद्धतींना जागा दिली गेली. या आजारांच्या निदानात पेशंटच्या कातडीच्या पेशी वाढवून तपासणं तर कितीतरी वर्षं चालू आहे. मग उंदीर का, तर बशीतल्या पेशीला उपास घडत नाही. लिव्हर किटोन बनवणार, मेंदू ते वापरणार, तोवर स्नायू आणि तपकिरी चरबी आपापलं ओढणार, हे सगळं एका अंगात एकाच वेळी होतं आणि ते बशीत मांडता येत नाही, निदान अजून तरी. तुम्हाला हे पटेलच असं नाही. मलाही रोज पटतंच असं नाही.

प्रश्न: उंदरांवर एवढं करून एक तरी मूल वाचलंय का? जीन थेरपी कधी येणार? — एक वडील, ठाणे

उत्तर: पहिल्याचं उत्तर हो. जपानमध्ये कानाझावाला १९८८ मध्ये उंदरांची एक शाखा नोंदवली गेली, पिल्लांच्या लिव्हरमध्ये चरबी साठायची, पोट पांढरं दिसायचं, वाढ खुंटायची, हृदय मोठं व्हायचं, रक्तात अमोनिया चढायचा. आधी वाटलं की मुलांमधल्या राय सिंड्रोमसारखं, म्हणजे लिव्हर आणि मेंदूला अचानक ग्रासणाऱ्या आजारासारखं, काहीतरी आहे. मग पुढे कळलं की यांच्या अंगात कार्निटिनच नाही. कार्निटिन म्हणजे लांब साखळ्यांना मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेणारा हमाल. हमाल बनत होते, पण किडनी त्यांना धरून ठेवत नव्हती, लघवीतून वाहून जात होते. बाहेरून कार्निटिन दिलं की उंदीर सुधारायचे. १९९९ मध्ये त्या उंदरातला बिघडलेला जीन सापडला आणि लगोलग माणसातल्या तशाच पेशंटमध्ये तोच जीन बिघडलेला निघाला. आज ज्या मुलाला हा आजार आहे त्याला रोज कार्निटिन द्यायचं, आयुष्यभर, आणि वेळेत सुरू केलं तर हृदयसुद्धा पूर्वपदावर येतं. कार्निटिन या मुलांना आधीपासून देत होते हे खरं, उंदराने फक्त भोक नेमकं कुठे आहे ते दाखवलं.

जीन थेरपीचं, एसकॅड आणि व्हीएलकॅडच्या उंदरांमध्ये निरुपद्रवी केलेल्या विषाणूवरून चांगला जीन पोचवून सुधारणा दिसलीय. मुलांच्या रोजच्या उपचारात ते आलेलं नाही. कुणी पैसे घेऊन आत्ता करून देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या.

प्रश्न: नातवाला एमकॅड आहे, सात वर्षांचा झाला. आषाढी एकादशीला घरात सगळ्यांचा उपास असतो, तो पण हट्ट करतो. करू द्यावा का? — एक आजी, पंढरपूर रोड, मिरज

उत्तर: आजी, आपल्या उपासाला उपास म्हणायचं का हाच मोठा प्रश्न आहे! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा, रताळं, केळं. उंदराला जर कुणी असा उपास घडवला असता तर एकही प्रयोग यशस्वी झाला नसता. त्यामुळे साबुदाणा खाऊन, डॉक्टरांनी दोन खाण्यांमध्ये जितके तास सांगितलेत तितके पाळून तो एकादशी करत असेल तर बहुधा काही बिघडत नाही, डॉक्टरांना फोनवर एकदा विचारून घ्या. निर्जळी, नुसत्या पाण्यावर, किंवा 'दुपारपर्यंत काही खायचं नाही' हे मात्र नाही म्हणजे नाही, देवाची माफी मी मागते.

खरी भीती एकादशीची नाहीच, खरी भीती त्या रात्रीची जेव्हा त्याला ताप आहे, उलट्या होतायत, काही पोटात ठरत नाही आणि घरचे म्हणतात झोपू दे, सकाळी बघू. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टरांनी दिलेलं पत्र असेल ना, त्यात सलाइनमधून ग्लुकोज द्यावं असं लिहिलेलं असतं, ते घेऊन सरळ हॉस्पिटल, रात्री दोन वाजता सुद्धा. त्या पत्राच्या दोन-तीन झेरॉक्स करून ठेवा, एक शाळेच्या दप्तरात, एक तुमच्या पिशवीत. वारीला घेऊन जाणार असाल तर बरोबर ग्लुकोजचा डबा पण. आणि खिचडीवर खोबरं खवून घालत असाल तर नातवाच्या ताटलीत किती, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.